नोटेवर चेहरा कोणाचा, घाम कोणाचा? मध्य अमेरिकेच्या जुन्या नोटांची गोष्ट

निकाराग्वा देशाची एक जुनी नोट आहे. एक कोर्दोबाची, १९४१ च्या मालिकेतली. तिच्यावर एका तरुण मुलीचे चित्र आहे. केसांत पीस खोवलेले, पेहराव आदिवासी मुलीचा. पाहणाऱ्याला वाटते, या देशाने आपल्या आदिवासी लेकीला केवढा मान दिला!

खरी गोष्ट निराळीच आहे. ही मुलगी म्हणजे त्या वेळचा हुकूमशहा अनास्तासियो सोमोझा गार्सिया याची लेक लिलियन. तिला आदिवासी मुलीच्या वेशात दाखवून तिचे चित्र देशाच्या चलनावर छापले. ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्यांची भाषा गेली, त्यांचा साज तेवढा नोटेवर आला. त्यांचा चेहरा मात्र आला नाही.

वाचकहो, जुन्या नोटा जमवणे हा पैसेवाल्यांचा रिकामा उद्योग आहे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटत असेल. आपल्याकडे चालू नोटच महिनाअखेरपर्यंत टिकत नाही, तर जुन्या नोटा कुठून जमवायच्या, असेही कुणी म्हणेल. पण एक नोट नीट वाचली तर ती एका देशाचा इतिहास सांगते. राज्य कोणाचे होते, कष्ट कोणाचे होते आणि मान कोणाला मिळाला, हे सारे त्या हातभर लांबीही नसलेल्या कागदावर लिहिलेले असते. फक्त वाचणारा डोळा हवा.

मध्य अमेरिका म्हणजे उत्तरेकडचा मेक्सिको आणि दक्षिणेकडचा कोलंबिया यांच्या मधली चिंचोळी पट्टी. ग्वाटेमाला, बेलीझ, एल साल्व्हाडोर, होंडुरास, निकाराग्वा, कोस्टारिका आणि पनामा असे सात छोटे देश तेथे आहेत. कॉफी आणि केळी ही तिथली जुनी पिके. बेलीझ सोडला तर बाकी सहा देशांवर स्पेनने सुमारे तीनशे वर्षे राज्य केले. या सात देशांच्या जुन्या नोटा आज जगभरचे संग्राहक आवडीने जमवतात.

नावातच इतिहास

प्रथम चलनांची नावे पाहा. एल साल्व्हाडोरने १८९२ मध्ये आपल्या चलनाला 'कोलोन' हे नाव दिले. कोलोन म्हणजे कोलंबस. कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला त्याला त्या वर्षी चारशे वर्षे झाली होती. कोस्टारिकानेही १८९६ मध्ये तेच नाव घेतले. निकाराग्वाचा 'कोर्दोबा' १९१२ मध्ये आला. तो फ्रान्सिस्को हेर्नांदेस दे कोर्दोबा या स्पॅनिश सरदाराच्या नावाने आहे. पनामाचा 'बाल्बोआ' हाही एका स्पॅनिश सरदाराचेच नाव सांगतो. गंमत अशी की या दोघांनाही त्यांच्याच स्पॅनिश वरिष्ठाने ठार केले. पेद्रारियास नावाच्या सुभेदाराने बाल्बोआचे डोके १५१९ मध्ये उडवले आणि कोर्दोबाचे १५२६ मध्ये. लुटारूंच्या वाटणीत असेच होते. पण चलनाला नावे मिळाली ती त्यांचीच.

सहा देशांपैकी चार देशांचा पैसा असा बाहेरून आलेल्यांच्या नावाने चालला. उरले दोन. ग्वाटेमालाने १९२५ मध्ये आपल्या चलनाला 'केत्साल' हे एका पक्ष्याचे नाव दिले. हिरव्या, लांबलचक शेपटीचा हा पक्षी माया लोकांना पूज्य होता आणि त्याची पिसे त्यांच्याकडे धनासारखी मोलाची मानली जात. आणि होंडुरासने १९३१ मध्ये 'लेंपिरा' हे चलन आणले.

लेंपिरा हा लेंका जमातीचा पुढारी. १५३० च्या दशकात त्याने अनेक गावांना एकत्र आणून स्पॅनिश फौजेशी झुंज दिली. लोकांत चालत आलेली कथा अशी की तहाचे बोलणे करायला बोलावून त्याला दगा देऊन गोळी घातली. पुढे एका स्पॅनिश सैनिकाचा जुना कागद सापडला, त्यात त्याला लढाईत मारल्याचे म्हटले आहे. काहीही असो, तो शरण गेला नाही एवढे खरे. त्याच्या हयातीतले एकही चित्र उपलब्ध नाही. म्हणून एक लेंपिराच्या नोटेवरचा चेहरा कलावंताच्या कल्पनेतला आहे. तरीसुद्धा हरलेल्या माणसाचे नाव चार शतकांनंतर साऱ्या देशाच्या खिशात आले, ही लहान गोष्ट नव्हे.

पनामाचे नाणे याच्या शेजारी ठेवून पाहा. बाल्बोआ मोठ्या किमतीच्या नाण्यांवर आहे. स्पॅनिशांशी लढलेला आदिवासी पुढारी उर्राका हाही नाण्यावर आहे, पण तो सर्वांत लहान, एक सेंतेसिमोच्या नाण्यावर. मानाचीसुद्धा अशी चिल्लर करता येते!

लोंगर उलटा धरला!

संग्राहकांची एक अत्यंत आवडती नोट म्हणजे कोस्टारिकाची पाच कोलोनची नोट. १९६८ पासून १९९२ पर्यंतच्या तारखांनी ती छापली गेली. दर्शनी बाजूला राफाएल इग्लेसियास कास्त्रो या राष्ट्राध्यक्षाचे चित्र आहे. मागच्या बाजूला मात्र रंगांची उधळण आहे. समुद्रकिनारा, गलबते, कॉफी तोडणाऱ्या बाया, पोती आणि केळीचे लोंगर वाहणारे गडी. सान होसे शहरातील राष्ट्रीय नाट्यगृहाच्या छतावर हे चित्र आहे. आलेआर्दो व्हिया या इटालियन चित्रकाराने ते १८९७ मध्ये काढले. नाट्यगृहासाठी कॉफीच्या निर्यातीवर कर बसवला होता. म्हणजे त्याच्या उभारणीत कॉफीचा पैसाही होता.

चित्र सुंदर आहे यात शंका नाही. पण चित्रकाराने तो देश पाहिलेलाच नव्हता. त्यामुळे त्याने समुद्रकाठी कॉफीचा मळा दाखवला. प्रत्यक्षात कोस्टारिकाची कॉफी डोंगराळ भागात पिकते. आणि मधोमध उभा असलेला गडी केळीचा लोंगर चक्क उलटा धरून उभा आहे! आपल्या जळगावकडचा एखादा केळी कापणारा ही नोट पाहील तर पोट धरून हसेल. ज्याने एकदा तरी लोंगर खांद्यावर घेतला आहे, तो अशी चूक करणार नाही.

हसून झाल्यावर दुसरी गोष्टही पाहावी. चित्रातील मजुरांचे चेहरे युरोपातल्या माणसांसारखे आहेत. लिमोन बंदराकडे जाणारी रेल्वे ज्यांनी बांधली आणि पुढे केळीच्या मळ्यांत जे राबले, त्यांत जमैका बेटावरून आलेले हजारो काळे मजूर होते. त्या चित्रात ते कुठेच नाहीत. काम त्यांचे, चित्र दुसऱ्यांचे.

नोटेऐवजी बिल्ला

कॉफीच्या मळ्यांतील मजुराच्या हाती पुष्कळदा खरी नोट पडतच नसे. कोस्टारिकात कॉफीची फळे तोडणाऱ्याला ठरलेले माप भरले की मळेवाला धातूचा एक बिल्ला देई. त्यावर मळ्याचे किंवा मालकाचे नाव असे. तिथे त्याला 'बोलेतो' म्हणत. इतर देशांतल्या मळ्यांवरही असे बिल्ले होते. अनेक ठिकाणी ते फक्त मालकाच्याच दुकानात चालत. भाव ठरवणार मालक, माप मालकाचे आणि पैसाही मालकाचाच! मजुराने दुसरीकडे जायचे म्हटले तर त्या बिल्ल्याला कुणी विचारीत नसे.

आज हे बिल्लेही नोटांबरोबर जमवले जातात. नोटेवर राष्ट्राध्यक्ष दिसतात, पण मजुराची खरी मजुरी या बिल्ल्यांवर दिसते. म्हणून जाणता संग्राहक आपल्या आल्बममध्ये नोटेच्या शेजारी एखादा बिल्ला जरूर ठेवतो.

होंडुरासच्या जुन्या नोटांत 'बांको आत्लांतिदा' या खासगी बँकेच्या नोटा प्रसिद्ध आहेत. ही बँक १९१३ मध्ये ला सेइबा या बंदरात निघाली. तिच्यामागे केळीचा मोठा व्यापार करणारे व्हाक्कारो बंधू होते. केळी त्यांची, बँक त्यांची आणि नोटही त्यांच्याच बँकेची. देशाची मध्यवर्ती बँक स्थापन व्हायला १९५० साल उजाडले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९५४ मध्ये, त्याच किनाऱ्यावरच्या पंचवीस हजारांवर केळी-कामगारांनी ६९ दिवसांचा संप केला आणि संघटना करण्याचा हक्क मिळवला. संपाचे चित्र नोटेवर येत नाही. पण नोट हाती घेतली की संप आठवावा.

साठ पेसोंचा एक केत्साल

ग्वाटेमालात केत्साल येण्यापूर्वी पेसो होता. सहा खासगी बँका नोटा काढीत. एस्त्रादा काब्रेरा हा हुकूमशहा १८९८ ते १९२० असा बावीस वर्षे गादीवर होता. त्याच्या काळात सरकारने बँकांकडून कर्ज घ्यावे, बँकांनी नोटा छापाव्यात, आणि त्या नोटांच्या बदल्यात चांदी मागितली तर मिळू नये, असा कारभार चालला. नोटेची किंमत उतरत गेली. कॉफीवाल्या मळेदारांना मात्र परदेशातून सोन्याच्या किमतीचा पैसा मिळे आणि मजुराला ते घसरलेल्या कागदी पेसोत मजुरी देत. नोट स्वस्त झाली की मजूर स्वस्त होतो, हे त्यांना चांगले ठाऊक होते. १९२५ मध्ये हिशेब लागला तेव्हा एका केत्सालसाठी साठ पेसो मोजावे लागले.

ग्वाटेमालाच्या पुढच्या काळातील नोटा मुलांना फार आवडतात. त्यांवर रक्कम माया लोकांच्या अंकांतही लिहिलेली असते. एक म्हणजे एक ठिपका, पाच म्हणजे एक आडवी रेघ, शून्य म्हणजे शिंपला. त्यांची मोजणी विसाच्या पटीत. वीस लिहायचे तर खाली शिंपला आणि वर एक ठिपका. पन्नास लिहायचे तर खाली दोन रेघा म्हणजे दहा, आणि वर दोन ठिपके म्हणजे दोन वेळा वीस. आता शंभर कसे लिहाल? मुलांना विचारा. (उत्तर: खाली शिंपला, वर एक रेघ.) ज्यांना रानटी म्हणून हिणवले, ते लोक शून्य वापरून गणित करीत होते, हे एका नोटेवरून कळते.

अर्ध्या केत्सालच्या नोटेवर तेकून उमान हा किचे माया वीर आहे. १५२४ मध्ये स्पॅनिशांशी लढताना तो पडला, असे तिथले लोक सांगतात.

सात दिवसांची नोट

पनामाची हकिगत तर कादंबरीसारखी आहे. १९०४ पासून या देशात अमेरिकेचा डॉलर चालत आला. बाल्बोआ हे नाव होते आणि नाणीही होती, पण कागदी नोट नव्हती. राष्ट्राध्यक्ष आर्नुल्फो आरियास यांनी २ ऑक्टोबर १९४१ रोजी एक, पाच, दहा आणि वीस बाल्बोआच्या नोटा चलनात आणल्या. एकूण रक्कम २७ लाख बाल्बोआ. लगेच ९ ऑक्टोबरला त्यांची सत्ता उलथली. नव्या सरकारने नोटा परत घेतल्या आणि जाळून टाकल्या. त्यामुळे त्यांना 'सात दिवसांचे डॉलर' असे नाव पडले. थोड्याच नोटा लोकांकडे राहिल्या. आज मध्य अमेरिकेच्या नोटांत त्या अतिशय दुर्मीळ समजल्या जातात आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही होतात. कुणी तुम्हाला ती 'स्वस्तात' देऊ लागला तर दोन पावले मागे सरा.

बेलीझची तऱ्हा वेगळी. तो पूर्वी 'ब्रिटिश होंडुरास' होता. नोटांवर आधी इंग्लंडचे राजे, मग राणी एलिझाबेथ. १९७३ मध्ये देशाचे नाव बेलीझ झाले, १९८१ मध्ये स्वातंत्र्य आले, तरी त्यानंतरही कित्येक वर्षे नोटेवर राणी होतीच.

एक कोटीचे दोन!

पुन्हा निकाराग्वाकडे येऊ. कोर्दोबा १९१२ मध्ये आला तेव्हा तिथली राष्ट्रीय बँक अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात नोंदवलेली होती आणि तिचे ५१ टक्के भाग न्यूयॉर्कच्या सावकारी पेढ्यांकडे होते. चलनाला आधार देणारी गंगाजळीही न्यूयॉर्कला. आपल्या देशातले सोने नव्हे, तर परदेशातील ठेव हा चलनाचा आधार. याला सुवर्ण विनिमय पद्धत म्हणतात. इंग्रजांनी हिंदुस्थानच्या रुपयासाठी हीच पद्धत चालवली होती आणि गंगाजळी लंडनला ठेवली होती. याच पद्धतीची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात चिरफाड केली. परदेशी हुंडणावळीचा दर स्थिर ठेवण्यापेक्षा देशातल्या माणसाच्या हातातील रुपयाची खरेदीची ताकद स्थिर राहणे महत्त्वाचे, हा त्यांचा मुद्दा होता.

ती ताकद गेली की काय होते, ते निकाराग्वाच्या १९८० च्या दशकातील नोटा दाखवतात. १९७९ मध्ये सोमोझा घराण्याची सत्ता गेली. त्यानंतर अमेरिकेच्या पाठिंब्याने बंडखोरांचे युद्ध सुरू झाले. १९८५ मध्ये अमेरिकेने व्यापार बंद केला. युद्धाचा खर्च भागवायला सरकार नोटा छापत गेले आणि भाव आकाशाला भिडले. फेब्रुवारी १९८८ मध्ये गुप्तपणे तयारी करून एक हजार जुन्या कोर्दोबांचा एक नवा कोर्दोबा केला आणि नोटा बदलायला लोकांना तीन दिवस दिले. नोव्हेंबर २०१६ मध्ये बँकेपुढे रांगेत उभे राहिलेल्यांना त्या तीन दिवसांची कल्पना सहज येईल.

तरी महागाई थांबली नाही. नव्या नोटा छापायला सवड नव्हती, म्हणून लहान नोटांवरच काळ्या शाईने लाखांचे आकडे उठवले. शेवटी एक कोटीची नोट निघाली. १९९१ मध्ये पन्नास लाखांचा एक 'कोर्दोबा ओरो' झाला. म्हणजे ज्याच्याकडे एक कोटी होते, त्याच्याकडे दोन उरले. ज्याची जमीन होती त्याची जमीन राहिली, ज्याचे डॉलर होते त्याचे डॉलर राहिले. ज्याने फक्त मजुरीचे पैसे डब्यात साठवले होते, त्याचा डबा रिकामा झाला.

या नोटा फार स्वस्त मिळतात. सुरुवात करणाऱ्याने याच घ्याव्यात. स्वस्त आहेत म्हणून नव्हे, तर त्यांच्याइतका स्पष्ट धडा दुसरी नोट देत नाही म्हणून.

संग्रह कसा करावा

हा छंद कमी पैशातही करता येतो. मात्र काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

सुरुवातीला साऱ्या देशांच्या मागे लागू नका. एक विषय धरा. एकाच देशाच्या नोटा, किंवा ज्यांवर आदिवासी वीर आहेत अशा नोटा, किंवा केळी-कॉफीची चित्रे असलेल्या नोटा. दहा नोटा असाव्यात, पण त्या दहांची गोष्ट सांगता यावी.

नोटेवर छापलेले वर्ष आणि ती चलनात आल्याचे वर्ष एकच असते असे नाही. निकाराग्वाच्या १९८८ च्या नोटांवर १९८५ हे वर्ष छापलेले आहे. आल्बर्ट पिक या जर्मन संग्राहकाने जगातील नोटांची सूची केली, तीवरून प्रत्येक नोटेला 'पिक क्रमांक' मिळतो. खरेदी करताना तो विचारावा.

नोटेची किंमत तिच्या वयापेक्षा दुर्मीळपणावर आणि स्थितीवर ठरते. घडी नसलेली कोरी नोट महाग, घड्या पडलेली स्वस्त. लहान रकमेच्या नोटा रोजच्या व्यवहारात हातोहाती फिरून झिजतात, म्हणून जुनी एकची कोरी नोट सापडणे कधी कधी अवघड असते. गरिबाच्या हाती गेलेली नोट तिजोरीत पडून राहत नाही, ती मीठ-पीठ आणायला जाते.

या देशांच्या अनेक नोटा न्यूयॉर्कची अमेरिकन बँक नोट कंपनी आणि लंडनच्या वॉटरलो व डी ला रू या छापखान्यांत छापल्या. कोरलेल्या पत्र्यावरून छापलेल्या चांगल्या नोटेची शाई बोटाला किंचित उंच लागते. भिंगातून पाहिले तर रेघा तुटक नसतात. नकली नोटेत बारीक ठिपके दिसतात आणि हात सपाट फिरतो.

नोट कधीही धुऊ नका, इस्त्री करू नका, फाटली तर चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको. कडांना धरून उचला. मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली तर ती चिकट होते आणि तिचे रंग बिघडतात, म्हणून पॉलिएस्टरची पाकिटे घ्या. पावसाळ्यात दमट हवा आणि कसर हे मोठे शत्रू. आल्बम भिंतीला टेकून ठेवू नका. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि अधूनमधून आल्बम उघडून पाहा. नोटेवर काहीही लिहू नका. माहिती वेगळ्या कागदावर पेन्सिलने लिहून शेजारी ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, कर्ज काढून किंवा घरखर्चाला कात्री लावून नोट घेऊ नका. 'पुढे लाखात विकली जाईल' या बोलण्याला भुलू नका. छंद घराला आनंद द्यायला असतो, घोर लावायला नाही.

मुलांपुढे आल्बम उघडा

एल साल्व्हाडोरने १ जानेवारी २००१ पासून अमेरिकेचा डॉलर स्वीकारला. पावणेनऊ कोलोनला एक डॉलर हा दर ठरला. कोलंबसाच्या चित्रांच्या त्या नोटा हळूहळू व्यवहारातून गेल्या आणि आल्बममध्ये आल्या. राज्ये जातात, चलने जातात. कागद मात्र साक्षीला राहतो.

म्हणून रविवारी दुपारी मुलांना जवळ बसवून नोट हातात द्या आणि तीन प्रश्न विचारा. हा चेहरा कोणाचा? हे नाव कोणी दिले? आणि यात कोण दिसत नाही? उत्तरे शोधायला मुले नकाशा उघडतील, वाचनालयात जातील, थोरामोठ्यांना विचारतील. पुढे आपल्या खिशातल्या नोटेकडेही ती त्याच नजरेने पाहतील.

पिसे खोवलेल्या त्या मुलीची नोट शेवटी दाखवा. ती मुलगी आदिवासी नव्हती, हे मुलांनी स्वतः शोधून काढू द्या.